डाळ सोडून गाऊट जात नाही

रक्ततपासणीच्या अहवालात युरिक अ‍ॅसिडच्या आकड्यापुढे ‘जास्त’ असा शेरा दिसला, की मराठी घरात सगळ्यात आधी ताटातली डाळ जाते. मागोमाग उसळी जातात, राजमा-छोले जातात, पालक, फ्लॉवर, टोमॅटो जातात आणि ‘आंबट नको’ म्हणून दही आणि लिंबूही जाते. महिनाभरात त्या माणसाच्या ताटात भात, पोळी आणि दुधीची भाजी एवढेच उरते. चहातली साखर, बाटलीतले शीतपेय, शनिवारची बिअर आणि वाढलेला पोटाचा घेर यांना मात्र कुणी हात लावत नाही. गाऊटचे पथ्य आपल्याकडे असे उलटे पाळले जाते. त्यामुळे प्रथिने कमी पडून अशक्तपणा येतो आणि सांधा पुन्हा सुजायचा तो सुजतोच. माझे म्हणणे असे आहे की गाऊटमध्ये आहाराला महत्त्व आहे, पण ते आपण समजतो त्या पदार्थांमुळे नाही आणि आपण समजतो तेवढेही नाही. हा आजार आटोक्यात येतो तो रक्तातले युरिक अ‍ॅसिड एका ठरावीक पातळीच्या खाली वर्षानुवर्षे ठेवल्याने. आहार, वजन, पाणी आणि औषध ही सगळी त्या एका कामाची साधने आहेत.

ही पातळी कुठून आली हे समजले की बाकीचे बरेच आपोआप समजते. पेशींच्या केंद्रकात प्युरिन नावाची द्रव्ये असतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हा आणि आपण अन्न पचवतो तेव्हा या प्युरिनचे शेवटी युरिक अ‍ॅसिड होते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचे एक विकर असते. ते युरिक अ‍ॅसिडचे आणखी विघटन करून सहज विरघळणारा पदार्थ बनवते. माणसाच्या पूर्वजांनी उत्क्रांतीच्या ओघात हे विकर गमावले, म्हणून आपल्याला युरिक अ‍ॅसिड आहे तसेच बाहेर टाकावे लागते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांतून आणि उरलेले आतड्यांतून जाते. शरीराच्या तापमानाला रक्तात ते 100 मिलिलिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले राहते. पातळी त्यापुढे गेली आणि दीर्घकाळ तशीच राहिली, की सांध्यांत सुईसारखे बारीक स्फटिक जमू लागतात, जसे थंड होत चाललेल्या पाकात साखरेचे खडे धरतात. तापमान कमी झाले की विरघळण्याची क्षमता आणखी घटते. शरीराच्या मध्यापासून सर्वांत दूर आणि तुलनेने थंड असलेला पायाचा अंगठा बहुतेकांत पहिला बळी ठरतो, त्यामागचे एक कारण हे आहे. स्फटिक वर्षानुवर्षे गुपचूप साठत राहतात. मग एखाद्या रात्री शरीराच्या प्रतिकारशक्तीला ते परके वाटतात आणि काही तासांत सांधा लाल, गरम आणि इतका हळवा होतो की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही.

आता आहाराचा वाटा पाहू. रोज शरीरात तयार होणाऱ्या युरिक अ‍ॅसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश आपल्याच पेशींच्या उलाढालीतून येते आणि अन्नातून येते ते साधारण एक तृतीयांश. गाऊट झालेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांचा मूळ प्रश्न युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होण्याचा नसतो, मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत हा असतो. ही क्षमता बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. मूत्रपिंडांत आणि आतड्यांत युरिक अ‍ॅसिडची ने-आण करणारी प्रथिने ज्या जनुकांमुळे बनतात, त्यांच्यातले बारीक फरक आई-वडिलांकडून मुलांकडे येतात. हजारो लोकांच्या नोंदी एकत्र करून 2018 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की माणसामाणसांतल्या युरिक अ‍ॅसिडच्या फरकाचा जवळजवळ चौथा हिस्सा आनुवंशिकतेने समजावता येतो, तर कोणत्याही एका खाद्यपदार्थाच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. प्युरिन कडकपणे कमी केले तरी पातळी साधारण 1 मिलिग्रॅमनेच उतरते. ज्याचा आकडा 7.2 आहे त्याला ही घट खूप काही देऊन जाते. ज्याचा 9.5 आहे तो सगळे सोडून साडेआठवर येतो, म्हणजे स्फटिक जमण्याच्या पातळीच्या बराच वर राहतो. अशा माणसाला ‘पथ्य नीट पाळले नाहीस’ म्हणून घरात दोष दिला जातो, तो अन्यायच आहे.

डाळीकडे वळू. डाळीत प्युरिन असते हे खरे आहे आणि पथ्याच्या याद्या त्यावरूनच बनल्या. कागदावरचे गणित सोपे होते: प्युरिनपासून युरिक अ‍ॅसिड, म्हणून प्युरिनवाले सगळे वर्ज्य. प्रत्यक्ष माणसांवर हे गणित तपासले गेले तेव्हा ते जुळले नाही. अमेरिकेत आरोग्यसेवेत काम करणाऱ्या 47,150 पुरुषांच्या आहाराची आणि आजारांची 12 वर्षे नोंद ठेवण्यात आली. त्या काळात 730 जणांना नव्याने गाऊट झाला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार सर्वांत जास्त मांस खाणाऱ्यांत सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा गाऊटचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी, तर मासे-कोळंबीसारखे समुद्री अन्न सर्वांत जास्त खाणाऱ्यांत सुमारे 50 टक्क्यांनी अधिक होता. शेंगवर्गीय धान्ये, पालक, फ्लॉवर, मशरूम अशा प्युरिनयुक्त शाकाहारी पदार्थांमुळे मात्र धोका वाढलेला दिसला नाही. एकूण प्रथिनांमुळेही नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ, विशेषतः कमी स्निग्धांशाचे, जास्त घेणाऱ्यांत धोका उलट कमी होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: अमेरिकन पुरुष डाळ खातात तरी किती? आपल्याकडे ती रोज दोन वेळा असते. म्हणून सिंगापूरच्या चिनी समाजावर झालेल्या मोठ्या अभ्यासाकडे पाहायला हवे. तिथे सोयाबीनचे पदार्थ आणि इतर कडधान्ये रोजच्या जेवणात असतात. त्या अभ्यासातही कोंबडी, मासे आणि शिंपले जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, तर सोयाबीन आणि कडधान्ये जास्त खाणाऱ्यांत तो किंचित कमीच आढळला. मात्रेचाही विचार हवा. माणशी वाटीभर वरणात कोरडी डाळ 25 ते 30 ग्रॅमच असते. त्यातून मिळणारे प्युरिन एका वेळच्या कलेजीच्या तुलनेत फारच थोडे. शिवाय डाळीबरोबर तंतुमय घटक येतात आणि पोट लवकर भरते. तिच्या जागी भाताचा दुसरा वाढा किंवा बिस्किटे आली, तर वजन आणि रक्तातले इन्सुलिन वाढते. त्याने मूत्रपिंडे युरिक अ‍ॅसिड धरून ठेवतात. डाळ सोडून माणूस अशा रीतीने स्वतःचेच नुकसान करून घेतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: ‘डाळ बंद केली आणि आठ दिवसांत पाय उतरला.’ गाऊटचा झटका एक ते दोन आठवड्यांत बहुधा आपला आपण शमतो. त्या दिवसांत डाळ सोडा, दुधी सोडा किंवा काहीच सोडू नका, सांधा बरा होणारच असतो. नेमके जे सोडलेले असते त्याला श्रेय मिळते आणि तीच समजूत शेजारी, नातेवाईक, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पसरत जाते. तिसरा आक्षेप असा, की शुद्ध शाकाहारी माणसांनाही गाऊट होतो, तर मग डाळीशिवाय कारण कोणते असणार? कारणे पुष्कळ आहेत: आनुवंशिकता, लठ्ठपणा, मूत्रपिंडांचा जुना आजार, मधुमेहपूर्व अवस्था, साखरेची पेये, रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे. क्षयरोगाच्या उपचारातली पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही दोन औषधेही युरिक अ‍ॅसिड वाढवतात, आणि आपल्याकडे ती घेणारे रुग्ण थोडे नाहीत. टोमॅटोबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. न्यूझीलंडमधल्या काही गाऊटच्या रुग्णांनी तो आपल्याला बाधतो असे सांगितले आहे आणि त्याचा युरिक अ‍ॅसिडशी अल्पसा संबंधही दिसला आहे. ज्याला वारंवार तसा अनुभव येतो त्याने तो बेताने खावा. इतरांनी आमटीतला टोमॅटो काढण्याचे कारण नाही.

मग हात आखडता कुठे घ्यायचा? कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी या अवयवमांसापासून सुरुवात करावी. त्यांत पेशी दाटीने भरलेल्या असतात, म्हणून प्युरिनही भरपूर असते. कोंबडीच्या काळजात 100 ग्रॅममागे ते 300 मिलिग्रॅमच्या आसपास असते. माशांत तारली-पेडवे आणि मांदेली यांसारखे लहान, अख्खे खाल्ले जाणारे मासे जास्त प्युरिनचे. मासळी सुकवली की पाणी उडून जाते आणि तेवढ्याच वजनात प्युरिन कितीतरी अधिक येते, म्हणून सुका जवळा किंवा सुके मासे रोजच्या जेवणात चवीपुरते घेतले तरी हिशेब वाढतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला मासे सोडा म्हणणे व्यवहार्य नाही आणि हृदयाच्या दृष्टीने ते शहाणपणाचेही नाही. मोठ्या माशाची एखादी तुकडी आठवड्यातून दोनदा, हा मध्यम मार्ग बहुतेकांना झेपतो. एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: प्युरिन पाण्यात उतरते. मटण उकळले की त्याचा मोठा भाग अळणी पाण्यात जातो. ‘मी फोडी खाल्ल्याच नाहीत, नुसता रस्सा घेतला’ असे म्हणत तीन वाट्या पांढरा रस्सा पिणारा किंवा ताकद येते म्हणून पायाचे सूप पिणारा माणूस नको तेच जास्त घेत असतो. दोन फोडी आणि अर्धी वाटी रस्सा हे त्यापेक्षा बरे.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सर्व मद्यांत बिअरचा गाऊटशी सर्वांत घट्ट संबंध आहे, कारण तिच्यात मद्यार्काबरोबर प्युरिनही असते. ‘व्हिस्कीत प्युरिन नसते’ ही पळवाट चालत नाही. मद्यार्क स्वतःच युरिक अ‍ॅसिडची निर्मिती वाढवतो आणि त्याच्या पचनात तयार होणारे लॅक्टेट मूत्रपिंडांना ते बाहेर टाकू देत नाही. आषाढ अमावास्येला श्रावणाच्या आधीची शेवटची संधी म्हणून मटण, मद्य आणि जागरण एका रात्रीत एकत्र येतात. पाणी मात्र कमी प्यायले जाते. झटका यायला यापेक्षा अनुकूल परिस्थिती क्वचितच जुळते. आजार आटोक्यात नसेल तोपर्यंत दारू पूर्ण बंद ठेवावी, असे माझे मत आहे. ‘थोडी चालते का’ हा प्रश्न युरिक अ‍ॅसिड खाली आल्यावर आणि वर्षभर झटका न आल्यावर डॉक्टरांशी बोलायचा.

शाकाहारी घरांत जी गोष्ट दारूइतकीच दुर्लक्षित राहते ती म्हणजे गोड पेये. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशींतले ऊर्जाद्रव्य झपाट्याने खर्च होते आणि त्याच्या अवशेषांतून थेट युरिक अ‍ॅसिड बनते. म्हणजे ज्या पदार्थात प्युरिनचा कणही नाही तो युरिक अ‍ॅसिड वाढवू शकतो. जुन्या याद्या फक्त प्युरिन मोजत असल्यामुळे शीतपेये त्यांतून सुटली. वर सांगितलेल्या अमेरिकन पुरुषांच्याच नोंदींत, रोज दोन किंवा अधिक साखरयुक्त शीतपेये पिणाऱ्यांत गाऊटचा धोका महिन्यातून एकाहूनही कमी पेय घेणाऱ्यांपेक्षा 85 टक्क्यांनी जास्त आढळला. साखर न घातलेल्या कृत्रिम गोडीच्या पेयांत तसे दिसले नाही. शीतपेय, डबाबंद ज्यूस, उसाचा मोठा पेला, सरबताचा रोजचा जग आणि दिवसातून पाच-सहा गोड चहा यांची बेरीज करून पाहा. अख्खे फळ खाण्याला हरकत नाही. त्यात साखर कमी मात्रेत येते आणि तंतुमय घटकांमुळे हळूहळू शोषली जाते. चार संत्र्यांचा रस एका घोटात आणि एक संत्रे सोलून, यात मोठा फरक आहे. लिंबू-पाणी साखरेशिवाय, चिमूटभर मिठाने खुशाल घ्यावे. आंबट चवीने युरिक अ‍ॅसिड वाढते याला आधार नाही, आणि दही-ताक तर फायद्याच्या बाजूला आहे. कॉफी पिणाऱ्यांतही गाऊट कमी आढळला आहे. अर्थात औषध म्हणून ती नव्याने सुरू करण्याची गरज नाही.

वजन कमी करणे हा आहारातला सर्वांत फलदायी भाग आहे, पण तो सावकाश व्हायला हवा. कडक उपाशी राहिल्यावर शरीर चरबी जाळते आणि त्यातून तयार होणारी कीटोन द्रव्ये मूत्रपिंडांत युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात. म्हणून निर्जळी एकादशी, नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपवास किंवा महिन्यात दहा किलो उतरवण्याचा हट्ट यांच्यानंतर झटके येतात. श्रद्धेने उपवास करणाऱ्याला तो सोडायला सांगण्याची गरज नाही. पाणी आणि ताक भरपूर घ्यावे, फळे आणि दूध वेळच्या वेळी घ्यावे, आणि साबुदाणा-बटाट्याच्या तळणाने उपवास दुप्पट खाण्याचा करू नये. उन्हाळ्यात शेतात, बांधकामावर किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांना घामाने शरीर कोरडे पडण्याचा धोका आहे. त्यांनी लघवी फिक्या रंगाची राहील इतके पाणी प्यावे. युरिक अ‍ॅसिडचे मुतखडे होण्याची शक्यताही त्याने कमी होते. एकूण जेवणाचा साचा बदलला तर काय होते हेही तपासलेले आहे. भाज्या, फळे, कडधान्ये, कमी स्निग्धांशाचे दूध भरपूर आणि मांस-साखर कमी असा ‘डॅश’ नावाचा आहार रक्तदाबासाठी तयार झाला. ज्यांचे युरिक अ‍ॅसिड मुळात 7 च्या वर होते अशा सहभागींत त्याने ते सरासरी 1 मिलिग्रॅमहून अधिक उतरले. त्या आहारात डाळी आणि कडधान्ये वर्ज्य नव्हती, त्याचा भागच होती. मूत्रपिंडांचा आजार बळावलेल्या रुग्णांचे गणित वेगळे असते. त्यांना डाळ, पाणी आणि फळे किती घ्यायची हे मूत्रपिंडतज्ज्ञ सांगतील तसेच ठरवावे.

इथे निदानाबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण चुकीच्या निदानावर पाळलेले पथ्य कितीही चोख असले तरी व्यर्थ. सवलतीच्या आरोग्य-तपासणीत युरिक अ‍ॅसिड हल्ली सरसकट मोजले जाते. आकडा 7.4 आला आणि टाच दुखत असेल, तर दोन्हींची गाठ घालून ‘गाऊट’ ठरवून टाकले जाते. प्रत्यक्षात युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांच्या नोंदी एकत्र करून पाहिले तेव्हा 15 वर्षांत गाऊट होण्याचे प्रमाण 6 च्या खाली असलेल्यांत सुमारे 1 टक्का होते आणि 10 किंवा त्याहून अधिक असलेल्यांत सुमारे 49 टक्के. म्हणजे इतक्या वरच्या पातळीलाही निम्म्या लोकांना तो झालेला नव्हता. ज्याला कधी झटका आलेला नाही, मुतखडा नाही, त्याला केवळ आकड्यावरून औषध लावत नाहीत. वजन, साखर आणि दारू यांकडे लक्ष देणे त्याला पुरेसे असते. याची दुसरी बाजूही आहे. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड तपासले तर ते कधीकधी सामान्य येते, म्हणून सूज ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. खात्रीचे निदान सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहिल्याने होते. ही पद्धत 1961 पासून वापरात आहे. एकच सांधा अचानक लाल-गरम झाला आणि सोबत ताप किंवा थंडी वाजत असेल, तर गाऊट समजून घरी थांबू नये. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि त्याचे उपचार त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात.

झटका आला असता आपल्याकडे पहिला हात जातो तो गरम शेकाच्या पिशवीकडे आणि मालिशच्या तेलाकडे. गुडघेदुखीत शेकाने बरे वाटते, म्हणून इथेही. गाऊटच्या तापलेल्या सांध्याला मात्र थंड शेक उपयोगी पडतो: फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. पाय उशीवर उंच ठेवावा आणि सांध्याला विश्रांती द्यावी. झटक्याची औषधे तीन प्रकारची आहेत: दाह कमी करणारी वेदनाशामके, कोल्चिसिन आणि थोड्या दिवसांपुरते स्टेरॉइड. कोणते द्यायचे हे मूत्रपिंड, रक्तदाब, साखर आणि पोटातला अल्सर पाहून डॉक्टर ठरवतात. औषध जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. कोल्चिसिनची कमी मात्रा जुन्या मोठ्या मात्रेइतकीच उपयोगी पडते आणि जुलाबाचा त्रास कमी होतो, हे चाचण्यांतून दिसले आहे. हेच द्रव्य आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदांत आणि बियांत असते. म्हणून कुणी सांगितले तरी ती घरगुती औषध म्हणून चुकूनही घेऊ नये, तिच्या विषबाधेने माणसे दगावली आहेत. ‘सांधेदुखीवर जालीम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासूनही दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले वेळोवेळी आढळले आहे. त्याने दुखणे पहिल्या दिवशी थांबते आणि पुढे साखर, हाडे आणि रक्तदाब बिघडतात.

झटके वर्षातून दोन किंवा अधिक वेळा येत असतील, सांध्यांभोवती किंवा कानाच्या पाळीवर युरिक अ‍ॅसिडच्या गाठी दिसत असतील किंवा सांधा झिजू लागला असेल, तर युरिक अ‍ॅसिड उतरवणारे औषध लागते. त्यातले अ‍ॅलोप्युरिनॉल 1966 पासून वापरात आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना औषधनिर्मितीतल्या कार्यासाठी 1988 चा नोबेल पुरस्कार मिळाला. लक्ष्य आकड्यात ठरलेले असते: 6 च्या खाली, आणि गाठी असतील तर 5 च्या खाली. 6.8 ला स्फटिक जमतात, म्हणून त्याच्या बऱ्यापैकी खाली राहिले की जुने स्फटिक हळूहळू विरघळू लागतात. याला महिने, कधी वर्षे लागतात. लोक इथेच हात टेकतात, कारण औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. स्फटिक सुटे होऊ लागल्याची ती खूण असते, पण ‘मला हे औषध मानवत नाही’ म्हणून गोळी बंद होते. त्यावर उपाय ठरलेला आहे: कमी मात्रेने सुरुवात, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रेत वाढ, आणि पहिले तीन ते सहा महिने झटका रोखणारे औषध सोबत. मधेच झटका आला तरी ही गोळी थांबवायची नाही. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर मात्र ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठायचे. ही प्रतिक्रिया दुर्मीळ असली तरी गंभीर असते. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करण्याआधी तसे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण ही जोडी घातक ठरू शकते.

‘आयुष्यभर गोळी घेतली तर किडनी जाईल’ हा सर्वांत मोठा आक्षेप. तो चुकीच्या औषधाला लावला जातो. वारंवार येणाऱ्या झटक्यांसाठी दुकानातून आणून मनाने घेतलेल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडांवर ताण पडतो हे नक्की. युरिक अ‍ॅसिड नियंत्रणात राहिले की नेमकी तीच वेदनाशामके लागत नाहीत. जीवनशैली आणि औषध यांत निवड करायची आहे हा समजही काढून टाकायला हवा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम भागात 517 रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांचे उपचार नेहमीप्रमाणे त्यांच्या डॉक्टरांकडे चालले. उरलेल्यांना प्रशिक्षित परिचारिकांनी आजार सविस्तर समजावून सांगितला, त्यांच्या शंकांना उत्तरे दिली आणि लक्ष्य गाठेपर्यंत मात्रा वाढवली. दोन वर्षांनी परिचारिकांच्या गटातल्या 95 टक्के रुग्णांचे युरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली होते, दुसऱ्या गटात 30 टक्क्यांचे. दुसऱ्या वर्षात दोन किंवा अधिक झटके पहिल्या गटात 8 टक्क्यांना आले आणि दुसऱ्या गटात 24 टक्क्यांना. औषधे दोन्हीकडे तीच उपलब्ध होती. फरक पडला तो समजावून सांगण्याने आणि आकड्याचा पाठपुरावा केल्याने. आपल्या दवाखान्यांत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून हा पाठपुरावा रुग्णाने आणि घरच्यांनीच अंगावर घ्यायला हवा.

तेव्हा डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह. लघवी वाढवणारी काही औषधे आणि कमी मात्रेतले अ‍ॅस्पिरिन युरिक अ‍ॅसिड वाढवतात, तर रक्तदाबाचे लोसार्टन ते थोडे उतरवते. बदल शक्य आहे का हे विचारा, पण मनाने काही बंद करू नका. सोबत आजवरच्या तपासण्यांचे आकडे तारखांसह एका कागदावर लिहून न्या आणि सरळ विचारा: माझे युरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली आहे का, नसेल तर पुढची तपासणी कधी आणि मात्रा किती वाढवायची? आणि घरी आल्यावर वाटीभर वरण पुन्हा ताटात घ्या.